लिस्बन: शाळेतल्या बाकावरच्या मैत्रिणीबरोबर सहा दिवस

तेरेखोलकाठ (10 ऑगस्ट 2024)

मंडळी, एप्रिलपासून लिहीन लिहीन म्हणतेय, आज पावसाने घरात कोंडलंय म्हणून बसलेच लिहायला. क्रमवार प्रवासवर्णन नाहीये हे, जसं आठवतंय तसं टाकतेय, काही राहिलं तर विचारा.

मी आणि माझी मैत्रीण पाचवी ते दहावी एका बाकावर. सावंतवाडी, 1991 ची दहावीची बॅच. ती नर्सिंगला गेली, मग मुंबई, मग आखात आणि आता कित्येक वर्षं आयर्लंडला. मी पुण्यात. मधल्या काळात भेटी झाल्या त्या सगळ्या लग्नाच्या हॉलमध्ये नाहीतर कुणाच्या तरी बाराव्याला, आजूबाजूला वीस माणसं, अर्धा तास, पोरं काय करतात, झालं. मागच्या दिवाळीत तिचा फोन आला, "गो, पन्नाशी येयच्या आधी दोघीच खय तरी जाऊया." कुठे जायचं ते मी ठरवलं, लिस्बन, आणि मी कारण न सांगताच तिला कळलं. आठवीत इतिहासाच्या बाईंनी आम्हा दोघींना ब्राऊन पेपरवर वास्को द गामाचा मार्ग काढायला लावला होता, लिस्बन ते कालिकत. नकाशा तिने काढला कारण तिचा हात चांगला, नावं मी घातली कारण माझं अक्षर चांगलं. तो कागद वर्षभर वर्गाच्या मागच्या भिंतीवर होता. आम्ही दोघींनी आयुष्यात एकत्र लिहिलेलं पहिलं परदेशी गावाचं नाव म्हणजे लिस्बन.

22 ते 28 एप्रिल. तारखा तिच्या रजेप्रमाणे धरल्या होत्या. 25 एप्रिलला तिथे काय असतं ते तिकिटं काढल्यावर कळलं, त्यावर खाली लिहिते.

तिचा गुडघा दुखतो आणि लिस्बन म्हणजे नुसते चढउतार, त्यामुळे राहायला बायशा भागात घेतलं, तो सपाट आहे. हा भाग सपाट तर आहेच पण रस्ते पट्टी घेऊन आखल्यासारखे सरळ, कारण 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात जुनं शहर पडलं आणि हे सगळं नंतर मार्किश द पोंबाल या मंत्र्याने नव्याने बांधून घेतलं. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग नदीतून समुद्राची लाट, मग कित्येक दिवस आग. कार्मुचं चर्च त्यात पडलं ते तसंच ठेवलंय, छत नाही, नुसत्या दगडी कमानी आणि वर आकाश. आत गेल्यावर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही, आणि शाळेतल्या मैत्रिणीबरोबर फिरण्याचं मला सगळ्यात आवडलं ते हेच, गप्प बसलं तरी कुणाला काही झालंय का असं वाटत नाही.

पहिल्याच दिवशी बेकरीत एक गोष्ट झाली. काचेमागे पाटी, पांव. म्हणजे त्यांचा उच्चार जरा नाकातला, पण पावच. पुढे भाजीच्या दुकानात बटाटा, अननस, पपाया, आणि कोबीला कोव्ह. तिने पर्समधून छोटी वही काढली (नर्सची सवय, वही कायम असते) आणि म्हणाली तू लिही, मी शोधते. सहा दिवस हाच उद्योग. चावीला शाव, बादलीला बाल्द, लिलावाला लेइलांव, नाताळला नाताल, पगाराला पगार म्हणजे पैसे देणे. एका दुकानात शिवणाचं सामान होतं तिथे फीत दिसली, फिता. तिचा चेहरा बघायला हवा होता तेव्हा, सहावीत वेणीच्या लाल फितीवरून आमचं एकदा मोठं भांडण झालेलं. आपल्याकडे जे शब्द आजीच्या तोंडचे, स्वयंपाकघरातले, ते सातासमुद्रापार रस्त्यावर पाट्यांवर लिहिलेले बघून आत काहीतरी हलतं. सत्तावीस शब्द झाले शेवटी.

लिस्बनच्या बेलें भागात गेलो ते सकाळी लवकर. जेरोनिमुशचा मठ 1501 ला बांधायला घेतला आणि त्याचा बराच पैसा मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून आला, म्हणजे आपल्या बाजूची मिरी. दगडात दोरखंड, गाठी, समुद्री झाडं कोरलीत, खांब तर ताडासारखे वर जाऊन पसरतात. चर्चमध्ये शिरलं की एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची, जो स्वतः गोव्यात येऊन राहिला होता. वास्को कोचीत वारला, 24 डिसेंबर 1524, तिथेच पुरला होता, 1539 मध्ये पोर्तुगालला नेला आणि इथे तर पार एकोणिसाव्या शतकात आणला. कबरीवर जहाज कोरलंय.

आम्ही तिथे उभ्या राहिलो आणि ती हळूच म्हणाली, "बाईंनी आपणांक 1498 सांगितलानी, 1502 नाय सांगितलानी." 1498 ला वास्को पहिल्यांदा कालिकतला आला, 1502 ला परत आला तेव्हा मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्याने जाळलं, बायका मुलांसकट. मी ते खूप नंतर वाचलं, तिनेही कधीतरी वेगळं वाचलं होतं, आणि दोघींनी एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं. राग आला का म्हणाल तर आला. आणि तरी तो ब्राऊन पेपर आठवून डोळ्यात पाणीही आलं. दोन्ही एकदम. दुसऱ्या कुणाबरोबर गेले असते तर मला यातलं एक काहीतरी समजावून सांगत बसावं लागलं असतं.

आता 25 एप्रिल. 1974 ला त्या दिवशी पोर्तुगालमधली हुकूमशाही एका दिवसात कोसळली. रात्री रेडिओवर एक ठरलेलं गाणं लागलं, तो सैन्याच्या तुकड्यांना इशारा होता, सकाळी रणगाडे शहरात, आणि लोक घाबरून घरात बसायच्या ऐवजी रस्त्यावर उतरले, बायकांनी सैनिकांच्या बंदुकीच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली. हुकूमशहा सालाझार आधीच वारला होता, त्याच्या जागी आलेला कैतानु लार्गु दु कार्मु चौकातल्या बराकीत शरण आला, त्या पडक्या चर्चच्या शेजारीच. यंदा त्याला 50 वर्षं झाली. सगळं लिस्बन आव्हेनिदा दा लिबेर्दाद या मोठ्या रस्त्यावर उतरलं होतं. म्हातारे, पोरं, बाबागाड्या, प्रत्येकाच्या हातात नाहीतर छातीवर लाल फूल. आम्हीही घेतली.

गर्दीत चालता चालता मैत्रीण थांबली आणि म्हणाली, "पत्रादेवी." बास, एवढंच. सावंतवाडीकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहिते. 15 ऑगस्ट 1955 ला गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही बांद्याकडून पत्रादेवीच्या सीमेवर गेले आणि सालाझारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं गेली. तिचे आजोबा बांद्याचे. सत्याग्रही जाताना त्यांच्या घरी पेज पिऊन गेले होते, आणि संध्याकाळी ओसरीवर जखमी होते. ही गोष्ट आम्ही दोघींनी लहानपणी त्या ओसरीवरच बसून ऐकलीय, किती वेळा. तीच राजवट पडल्याचा आनंद तिथलीच लाखभर माणसं करत होती आणि आम्ही त्यांच्यात चालत होतो. त्यांच्या पोरांनाही सालाझारने आफ्रिकेत लढायला पाठवून मारलं होतं. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्ही रडतोय बघून हात धरला, भाषा येत नव्हती, "गोआ" म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या कोटावरचं फूल काढून मैत्रिणीला लावलं.

बाकी फाडू (तिथली गाणी), ट्राम, नाता (तिथली गोड पेस्ट्री) वगैरे सगळं केलं, ते विचारलंत तर सांगेन.

---

जुनापुणेरी

वाचता वाचता चहा गार झाला. नेहमीचं टॉप टेन ठिकाणं असलं काही नाही म्हणून जास्तच आवडलं. मी पुढच्या वर्षी बायकोला घेऊन जायचं म्हणतोय, तिचाही गुडघ्याचा प्रॉब्लेम आहे, चढ कसे मॅनेज केलेत ते सविस्तर लिहा ना. आणि 28 नंबरची ट्राम खरंच तेवढी वर्थ आहे का?

---

तेरेखोलकाठ

@जुनापुणेरी, हे महत्त्वाचं आहे म्हणून नीट लिहिते. बायशाहून वर शियादूला जायचं तर चढू नका, बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात शिरा, आत लांबच लांब सरकते जिने आहेत ते थेट वर शियादूत काढतात, मधे तिकिटाचं गेट लागत नाही. सांता जुश्ता लिफ्ट (1902 ची, लोखंडी, देखणी आहे) तिथे भली मोठी रांग होती, ती खालून बघा आणि या जिन्याने जा. किल्ल्याच्या बाजूला जायचं तर रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट, ती वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून थोडं चाललं की एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन लिफ्टमध्ये निम्म्याहून जास्त डोंगर संपतो.

दुसरं म्हणजे बूट. तिथले फुटपाथ काळ्यापांढऱ्या चुनखडीच्या छोट्या दगडांचे, हाताने बसवलेले, नक्षी इतकी सुंदर की खाली बघतच चालावं, पण लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालेत आणि पाऊस पडला की सरळ घसरगुंडी. रबरी सोलचेच बूट न्या.

28 ची ट्राम आम्ही मार्तीं मोनीशला पकडायला गेलो तर पाऊण तास रांग, सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उलट्या टोकाला गेलो, कांपु द ओरीकला, बसायला जागा मिळाली आणि अख्खा मार्ग खिडकीतून बघितला. दुपारी मात्र नका, गर्दीत खिसेकापू असतात. तसं 12 नंबरची ट्रामही आल्फामा या जुन्या भागाच्या गल्ल्यांतून छोटा फेरा मारते, तिला गर्दी कमी.

---

मांडवीपलतड

गोंयकाराचा नमस्कार. बटाटा पाव ठीक, पण तुमच्या वहीत जनेल आहे का? आम्ही खिडकीला जनेल म्हणतो, त्यांचं जनेला. खुर्चीला कदेल, चमच्याला कुलेर. हे कोकणीत राहिलंय, मराठीत आलं नाही. माझी आजी 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत गेलेली, शेवटपर्यंत आकडे पोर्तुगीजमध्येच मोजायची. आम्हाला वाटायचं ती काहीतरी मंत्र म्हणतेय.

पत्रादेवीचं वाचून थांबलो. तिथे आता स्मारक आहे, सीमेवरून जाताना प्रत्येकाने पाच मिनिटं गाडी थांबवावी.

एक आणखी भर घालतो. पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे अधिकृतपणे मान्य केलं ते 1961 ला नाही. ते 25 एप्रिलच्या क्रांतीनंतर, 31 डिसेंबर 1974 च्या करारात. म्हणजे तुम्ही ज्या मोर्च्यात चाललात त्याचा गोव्याशी अगदी सरळ संबंध आहे.

---

शब्दवेडा

लेख छानच. पण साबण, मेज असले शब्द वहीत असतील तर पुढे प्रश्नचिन्ह टाका. साबण पोर्तुगीजमध्ये साबांव आहे खरं, पण अरबी फारसीत साबून होताच की, तो आधीपासून इकडे ये-जा करत होता. मेजचं पण तसंच, फारसीतही मेज आहे. अशा शब्दांबाबत छातीठोक सांगणं अवघड. चहा तर पोर्तुगीज नाहीच, त्यांचा शा आणि आपला चहा दोघेही चिनी.

पाव मात्र शंभर टक्के पोर्तुगीज. पायाने मळतात म्हणून पाव ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, त्यात काही अर्थ नाही, पांवचाच पाव. आणि हापूस विसरलात का, आफोंसुचा हापूस.

---

तेरेखोलकाठ

@शब्दवेडा, साबण आहे वहीत आणि आत्ताच पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मेज नव्हता घेतला. हापूस तर पहिल्या पानावर आहे, सावंतवाडीच्या दोन बायका तो कशा विसरतील.

@मांडवीपलतड, करार 31 डिसेंबर 1974 चा हे मला माहीत नव्हतं, मनापासून धन्यवाद, मैत्रिणीला लगेच पाठवलं. आजींच्या आकड्यांचं वाचून खूप वेळ तेच मनात होतं.

उलटा प्रवास केलेला शब्दही सापडला आम्हाला. चौथ्या दिवशी तिला कणकण होती, तर खानावळीतल्या बाईने न विचारता एक वाडगा आणून ठेवला, कांजा. कोंबडीच्या पाण्यात भात शिजवलेला, वर लिंबू. हा शब्द मलबारातल्या कांजीवरून तिकडे गेलाय. आजारी माणसाला तेच देतात, बाळंतिणीलाही. तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "ही तर पेज." शाळेत असताना ती तापली की मी त्यांच्याकडे वही द्यायला जायचे तेव्हा तिची आई मलाही पेज वाढायची, लोणच्याच्या खारासोबत. तिची आई आता नाही. त्या खानावळीतून उठायला आम्हाला दोन तास लागले.

---

बांधकामवाला

मी सिव्हिल इंजिनिअर, लिस्बनला कामासाठी दोनदा गेलोय. बायशाबद्दल एक गोष्ट सांगतो जी बाहेरून दिसत नाही. त्या सरळ रस्त्यांवरच्या इमारतींच्या भिंतींच्या आत लाकडी पिंजरा आहे, त्याला ते गायोलाच म्हणतात, म्हणजे पिंजरा. उभे आडवे वासे आणि मधे फुलीसारखे तिरके, सगळे एकमेकांत अडकवलेले, आणि मधली जागा दगडविटांनी भरलेली. भूकंपात दगडकाम तडकलं तरी लाकूड लवतं आणि घर उभं राहतं. त्यावेळी नमुन्याचा सांगाडा उभारून आजूबाजूला सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं होतं असं सांगतात, हादरे देऊन बघायला. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी एखाद्या सरकारने ठरवून अख्खा भागच्या भाग भूकंपाचा विचार करून बांधला हे मला फार मोठं वाटतं.

मी मूळचा औशाचा. 30 सप्टेंबर 1993 ला मी सहावीत होतो. पहाटे चारच्या आधी किल्लारीला जे झालं ते आम्ही जवळून बघितलं. आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती, एकमेकींना न बांधलेल्या, आणि वर माळवदाची कित्येक मणांची माती, उन्हाळ्यात गार म्हणून दरवर्षी आणखी एक थर टाकायचा. तेच वजन अंगावर आलं. बायशाच्या एका जुन्या बँकेत दुरुस्तीच्या वेळी भिंत उघडी केली होती, आतल्या लाकडी फुल्या मी हात लावून बघितल्या, आणि मला आमच्या गावचे लोक आठवले. मी इंजिनिअर झालो तो त्या सकाळमुळेच.

---

जाईचावेल

@बांधकामवाला, काय लिहू कळत नाही. मी लातूरची आहे. धन्यवाद हे लिहिल्याबद्दल.

---

तेरेखोलकाठ

@बांधकामवाला, सहा दिवस त्याच भिंतींच्या आत झोपलो आणि काही माहीत नव्हतं. आता ते घर वेगळंच आठवेल.

---

खडकवासलेकर

माझा प्रश्न वेगळा आहे. मोहन रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगात होते ना? माझे वडील त्यांच्याबद्दल फार बोलायचे, सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी केवढी धडपड केली होती ते सांगायचे. तो तुरुंग बघता येतो का?

---

तेरेखोलकाठ

@खडकवासलेकर, बरं झालं विचारलंत, हे मुद्दाम वेगळं ठेवलं होतं कारण थोडक्यात लिहिवत नव्हतं.

हो, काशियासचा किल्ला. काइश दु सोद्रे स्टेशनवरून कश्काइशला जाणारी लोकल पकडायची, नदीच्या कडेकडेने जाते, डाव्या खिडकीला बसा. काशियास नावाचंच स्टेशन आहे, अर्धा तासही लागत नाही. किल्ला आजही तुरुंगच आहे त्यामुळे आत जाता येत नाही, आम्ही बाहेरूनच बघितला. बाकीचे प्रवासी पुढे कश्काइशच्या बीचवर जाणारे, आम्ही दोघीच उतरलो.

रानडे मूळचे सांगलीचे. गोव्यात मराठी शाळेत मास्तर म्हणून शिरले आणि मुक्तीच्या लढ्यात पडले. 1955 च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, 26 वर्षांची शिक्षा झाली, नंतर पोर्तुगालला नेलं. गोवा 1961 ला मुक्त झाला, बाकीचे बहुतेक सुटले, हे तिथेच. सुटले जानेवारी 1969 ला. ज्या गोव्यासाठी गेले तो सुटून सात वर्षं झाली होती आणि माणूस परक्या देशात कोठडीत. आमच्या शाळेत एकदा गोवा मुक्तीवर व्याख्यान झालं होतं, तेव्हा हे नाव पहिल्यांदा ऐकलं, आणि मैत्रिणीने त्या दिवशी घरी जाऊन आईला विचारलं होतं की त्यांना तिथे मराठीत बोलायला कोण होतं. सातवीतली पोर. तो प्रश्न तिला आठवत होता, मलाही आठवत होता.

किल्ल्यासमोरच्या रस्त्याच्या कठड्यावर बसलो. तिने आदल्या दिवशीचं कार्नेशन वहीत ठेवलं होतं ते काढलं, चपटं झालेलं, आणि भिंतीच्या कडेला ठेवलं. मग आम्ही मुद्दाम मोठ्याने मराठीत बोललो थोडा वेळ. शाळेची प्रार्थना म्हटली. कुणी ऐकलं असेल नसेल.

क्रांतीनंतर दोन दिवसांत या तुरुंगातले राजकीय कैदी सोडले. आत जाऊन बघायचं असेल तर शहरात कॅथेड्रलजवळ आल्जूबचं संग्रहालय आहे, तोही राजकीय कैद्यांचा जुना तुरुंग, तिथल्या कोठड्या इतक्या अरुंद की मैत्रीण आत उभी राहू शकली नाही.

---

मांडवीपलतड

पेनिशचा किल्ला पण यात धरा. लिस्बनच्या उत्तरेला, समुद्रात घुसलेला. गोवामुक्तीचे नेते त्रिस्तांव द ब्रागांसा कुन्हांना तिथेच ठेवलं होतं. यंदाच 27 एप्रिलला तिथे राष्ट्रीय संग्रहालय उघडलंय. म्हणजे तुम्ही तिथे असतानाच.

---

तेरेखोलकाठ

अरे देवा, 27 ला आम्ही सिंत्रात होतो. कळलं असतं तर नक्की गेलो असतो. परत जायचं एक कारण झालं.

---

पायीपायी

सिंत्रा कसं वाटलं? आम्हाला फारच गर्दी लागली. पेनाचा रंगीत राजवाडा फोटोत जास्त चांगला दिसतो असं माझं मत.

---

तेरेखोलकाठ

माझंही थोडंफार तेच मत. रोसिउ स्टेशनवरून लोकल, चाळीसेक मिनिटं. राजवाड्यात माणसामागे माणूस सरकत होतं, आम्ही अर्ध्यातून बाहेर आलो. केंता दा रेगालेइराची ती खोल गोल विहीर, 27 मीटर, जिन्याने आत उतरायचं, तिथे ती गुडघ्यामुळे वर कठड्याशी थांबली आणि मी खाली गेले, वरून ती हाका मारत होती आणि आवाज घुमत येत होता. नरेंद्र डोंगरावर लपाछपी खेळायचो तशी हाक.

पण सिंत्रात एक गोष्ट आपल्यासाठी आहे. जुआंव द कास्त्रु नावाचा गोव्यातला व्हाइसरॉय, त्याच्या तिथल्या वाडीत सोमनाथकडून नेलेला संस्कृत शिलालेख आहे, तेराव्या शतकातला, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळचा. खाजगी जागा असल्याने आम्हाला बघता आला नाही. घारापुरीच्या लेण्यातलाही एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवला होता, तो तर हरवला. लेणी कुणी खोदली ते कदाचित त्यावर लिहिलेलं असेल. याचं मला फार वाईट वाटतं, आजही वाटतं.

---

जुनापुणेरी

व्हेज खाण्याचं काय? बायको अंडंही खात नाही. आणि व्हिसाला किती वेळ लागला?

---

तेरेखोलकाठ

व्हिसासाठी मी अडीच महिने आधी कागद दिले, तीन आठवड्यांत आला. ती आयरिश पासपोर्टवर असल्याने तिला लागला नाही. मुंबईहून थेट विमान नाही, मधे एक थांबा.

व्हेजला लिस्बन जरा अवघड हे खरं, सगळीकडे मासे आणि बाकल्याव (खारवलेला कॉड मासा). भाज्यांचं सूप सगळीकडे मिळतं पण काल्दु व्हेर्द घ्याल तर आधी विचारा, त्यात सॉसेजचा तुकडा टाकतात. मार्तीं मोनीश, मोरारियात भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं भरपूर, डाळ तांदूळ सगळं मिळतं, किचन असलेली खोली घ्या. लिस्बनमध्ये गुजराती हिंदूंची मोठी वस्ती आहे, बरेचसे मोझांबिकमधून आलेले, त्यांचं राधाकृष्ण मंदिर आहे, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. समोसा तर प्रत्येक बेकरीत, नाव शामुसा, पण तो बहुतेक वेळा मांसाचा असतो, सांभाळा. बेलेंच्या 1837 पासूनच्या दुकानातले नाता, वर दालचिनी भुरभुरवून, आम्ही दोघींनी मिळून नऊ खाल्ले, पण त्यात अंडं असतं.

संध्याकाळी एकदा काइश दु सोद्रेहून बोटीने पलीकडे कासील्यासला जा. दहा मिनिटं. परत येताना सगळं शहर पायरीपायरीने वर चढताना दिसतं. आमची शेवटची संध्याकाळ त्या बोटीत गेली, दोनदा गेलो आलो.

---

वेंगुर्लेकरीण

सगळा धागा वाचला, आईला वाचून दाखवला. आई म्हणते घमेला ऱ्हवला. पोर्तुगीजमधे गामेला, लाकडाची कठवत. बाबांचं चिऱ्यांचं काम होतं त्यामुळे आमच्या घरात घमेलं, पिंप हे सारखं तोंडात. पिंप पण पिपावरूनच.

---

तेरेखोलकाठ

@वेंगुर्लेकरीण, आईंना माझा नमस्कार सांगा. पिंप आहे वहीत, घमेलं नाही!! आत्ता मैत्रिणीला फोन केला, ती ड्युटीवर निघत होती. म्हणाली तिसऱ्या दिवशी आल्फामात दोन माणसं गुडघ्यावर बसून फुटपाथचे दगड बसवत होती, आपण दहा मिनिटं उभ्या राहून बघितलं, त्यांच्या शेजारी वाळूचं घमेलं होतं आणि त्याला काय म्हणतात ते विचारायचं आपल्याला सुचलंच नाही. तिने तेव्हाचा फोटोही शोधून पाठवला, कोपऱ्यात दिसतंय, अर्धं.

अठ्ठाविसावा शब्द. वही माझ्याकडे आहे, पण हा मी लिहिलेला नाही, ओळ रिकामी ठेवलीय. डिसेंबरात ती येतेय, बांद्याला जाताना पत्रादेवीला थांबायचं ठरलंय, तेव्हा तिच्याकडून शेजारी घमेल्याचं चित्र काढून घेते, मग नाव घालते.